गाऊन गाऊन आवाज गेला, तेव्हा अल्लादिया खाँ यांनी तान नव्याने बांधली

पेण असो की रोहा, लग्नाची वरात निघाली की ब्रास बँडमधला एक माणूस लगेच कानात भरतो. तो म्हणजे क्लॅरिनेटवाला. ट्रम्पेट त्याच्यापेक्षा मोठ्याने वाजतो, ढोल-ताशा त्याच्यापेक्षा दणदणीत असतो. पण गाण्यातल्या बारीक हरकती, मुरक्या आणि सरसर वर जाणारी तान त्याच्याच वाट्याला येते.

त्याची खरी परीक्षाही तिथेच होते. संथ चाल कोणीही निभावून नेतो. जलद जागा आली की बोटं एकमेकांत अडकतात, एखादा स्वर गिळला जातो आणि दम संपतो. मग नवशिका एकच उपाय करतो. तीच जागा पुन्हा वाजवायची, आणखी जोरात, आणखी जलद.

हा उपाय बहुतेक वेळा का फसतो, हे समजून घ्यायचं तर एका गवयाचं आयुष्य बघावं लागतं. त्यांनी क्लॅरिनेट कधी वाजवला नाही. पण महाराष्ट्रातल्या बँडवाल्यांनी सिनेमाच्या गाण्यांबरोबर जी नाट्यगीतं वाजवली, त्यांतल्या ताना मागे मागे शोधत गेलं की वाट त्यांच्या दारात जाते. त्यांचं नाव उस्ताद अल्लादिया खाँ.

उणियाऱ्याचा मुलगा

अल्लादिया खाँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ चा. गाव उणियारा, आजच्या राजस्थानातल्या टोंक जिल्ह्यातलं. मूळ घराणं उत्तर प्रदेशात अलीगढजवळच्या अत्रौलीचं. म्हणून त्यांच्या गायकीला पुढे जयपूर-अत्रौली घराणं हे नाव पडलं.

घरात पिढ्यानपिढ्या गाणं होतं आणि ते धृपदाचं होतं. आपले पूर्वज शांडिल्य गोत्राचे ब्राह्मण होते, ही आठवण या मुसलमान घराण्याने जपून ठेवली होती.

वडील अहमद खाँ लवकर गेले. पोरवयातच छत्र हरपलं. मग चुलते जहांगीर खाँ यांनी पुतण्याला आपल्याकडे घेतलं आणि शिकवायला सुरुवात केली. आधी धृपद-धमार, त्यानंतर ख्याल, असा तो क्रम होता.

या क्रमाला महत्त्व आहे. धृपदात तानबाजी नसते. तिथे एकेक स्वर नीट लावायचा असतो आणि ताल हाडामासात मुरवायचा असतो. दुगुन, तिगुन, चौगुन हे लयीचे हिशेब तिथे पक्के होतात. म्हणजे जलद तान गळ्यातून निघण्याआधीच ती ज्यावर उभी राहणार ती जमीन तयार झालेली होती.

त्या काळी जयपूर म्हणजे गवयांची पंढरी. महाराजा सवाई रामसिंग यांच्या पदरी नावाजलेले गवई होते. त्यांतल्या मुबारक अली खाँ यांच्या गाण्याने तरुण अल्लादियावर जादू केली. त्यांच्या ताना सरळ रेषेत जात नसत. वळणं घेत, मध्येच दिशा बदलत, ऐकणारा चुकेल अशा वाटेने फिरून त्या नेमक्या समेवर येत. ही अवघड फिरत तरुण अल्लादियाच्या मनात घर करून बसली.

आमलेटा संस्थानात काय झालं?

शिक्षण झाल्यावर त्या काळचे गवई दरबार गाठत. कुठे मान मिळे, कुठे बिदागी, कुठे कायमची नोकरी. अल्लादिया खाँही असेच फिरत फिरत आमलेटा नावाच्या एका छोट्या संस्थानात पोचले.

तिथला संस्थानिक गाण्याचा भलताच षौकीन निघाला. गवयासाठी ही चांगली गोष्ट, पण इथे ती उलटली. त्याची गाणं ऐकण्याची हौस फिटेना आणि तरुण गवई नाही म्हणेना. तासनतास गाणं, दिवसामागून दिवस गाणं. गळ्याला विश्रांती मिळालीच नाही.

शेवटी आवाज बसला. साधा सर्दी-खोकल्याने बसतो तसा नव्हे. गाणं म्हणावं असं काही गळ्यातून निघेना, आणि ही अवस्था बराच काळ टिकली.

गवयाचा आवाज जाणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. वादकाचं वाद्य बिघडलं तर दुसरं आणता येतं. पैलवानाचा हात मोडला तर तो जोडता येतो. गळा एकच असतो आणि तो बदलून मिळत नाही. वयाची उमेदीची वर्षं, डोक्यात शेकडो चिजा, चुलत्यांनी ओतलेली विद्या, सगळं जागच्या जागी. फक्त ते बाहेर यायची वाट बंद झालेली.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. गळ्यातले स्वरतंतू एका सेकंदात शेकडो वेळा एकमेकांवर आपटतात. त्यांना विश्रांती न देता जोर लावत राहिलं की सूज येते. सुजलेले तंतू नीट मिटत नाहीत, म्हणून गायक आणखी जोर लावतो आणि दुखणं वाढत जातं. जोर लावून जे बिघडलं ते आणखी जोर लावून दुरुस्त होत नाही.

परत आलेला आवाज वेगळा होता

काळ गेला, आवाज परत आला. पण तो पूर्वीचा राहिला नव्हता. पहिली गोलाई आणि गुळगुळीतपणा हरवला होता. जुन्या पद्धतीने गायला गेलं तर गळा साथ देईल याची खात्री नव्हती.

इथे दोन वाटा होत्या. एक, पूर्वीचाच आवाज ओढून ताणून आणायचा प्रयत्न करत राहायचं. दुसरी, आहे त्या गळ्याला शोभेल असं गाणं नव्याने बांधायचं. खाँसाहेबांनी दुसरी वाट धरली.

आज जयपूर-अत्रौली म्हणून जी गायकी ओळखली जाते, तिची घडण या काळाशी जोडली जाते. या गायकीत तान म्हणजे आतषबाजी नसते. ती तालाच्या मात्रांत विणलेली असते. मात्रेचा अर्धा भाग, पाव भाग यांचा हिशेब ठेवत स्वर पुढे सरकतात. तान सरळ वर जाऊन सरळ खाली येत नाही. दोन पावलं पुढे, एक मागे, मध्येच एक वळसा, अशी ती चालते. ऐकणाऱ्याला वाटतं केवढा हा वेग. पण त्यातला मोठा भाग वेगाचा नसतोच, वळणांचा असतो.

हे आकड्यांत बघितलं तर लगेच लक्षात येईल. तीनतालात १६ मात्रा असतात. एका मात्रेत ४ स्वर घेतले तर एका आवर्तनात ६४ स्वर होतात. आता हे ६४ स्वर सलग पाठ करायला गेलं तर डोकं गरगरेल. पण चार-चार स्वरांचे १६ तुकडे केले, प्रत्येक तुकडा कुठल्या मात्रेवर सुरू होतो हे कळलं, तर मामला आटोक्यात येतो. मग प्रश्न किती जलद गायचं हा राहत नाही. कोणता तुकडा कोणत्या तुकड्याला कसा जोडायचा, एवढाच राहतो.

कोल्हापूर आणि तालीम

१८९५ च्या सुमारास खाँसाहेब कोल्हापूरला आले. राजर्षी शाहू महाराजांचा राज्याभिषेक त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. महाराजांनी त्यांना दरबार गवई म्हणून ठेवून घेतलं. राजस्थानात जन्मलेला, अत्रौलीच्या घराण्यातला हा गवई इथून पुढे महाराष्ट्राचाच होऊन गेला.

शाहू महाराजांचं कोल्हापूर हे कुस्तीचं आणि कलेचं गाव. १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं, १९१५ मध्ये त्याला लागूनच पॅलेस थिएटर. आखाड्याला कोल्हापुरात तालीम म्हणतात आणि गुरूकडून गाणं शिकण्यालाही तालीमच म्हणतात. शब्द एकच असण्यात तथ्य आहे. पैलवान एकदम मोठी कुस्ती मारायला उतरत नाही. आधी जोर-बैठका, मग एकेक डाव सुटा घोटायचा, मग जोड्याबरोबर खेळायचा. खाँसाहेबांच्या घरातली तालीम याहून वेगळी नव्हती.

तिथे वही-पेन्सिल नव्हती, नोटेशन नव्हतं. गुरूने एक तुकडा गायचा, शिष्याने तो परत म्हणायचा. चुकला तर पुन्हा. बरोबर आला तरी पुन्हा. पुढचा तुकडा केव्हा द्यायचा हे गुरू ठरवणार. राग आणि बंदिश अंगात भिनल्याशिवाय तानेला हात घालायचा नाही.

कोल्हापूरच्या या काळात खाँसाहेबांकडे अवघड आणि अनवट रागांचा केवढा साठा आहे, हे लोकांना कळलं. नटकामोद, खट, खोकर, बसंतीकेदार, बिहागडा ही नावं आज मैफलीत ऐकू येतात त्यात त्यांच्या घराण्याचा मोठा वाटा आहे.

नाट्यगीतांपर्यंत ही तान कशी पोचली?

याच काळात त्यांच्याकडे एक मराठी शिष्य आला. भास्करबुवा बखले. बुवा त्याआधी फैज महंमद खाँ आणि नत्थन खाँ यांच्याकडे शिकलेले होते. तरीही ते अल्लादिया खाँसमोर शिष्य म्हणून बसले. पुढे १९११ मध्ये बुवांनी पुण्यात भारत गायन समाज उभा केला.

१९१६ मध्ये खाडिलकरांचं संगीत स्वयंवर रंगमंचावर आलं. त्यातल्या पदांना चाली दिल्या भास्करबुवांनी आणि ती गायली त्यांचे शिष्य बालगंधर्व यांनी. त्याआधी १९११ मध्ये आलेल्या संगीत मानापमानच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे मूळचे कोल्हापूरचे, खाँसाहेबांच्या गाण्याचे निस्सीम भक्त. त्यांनी पुढे खाँसाहेबांवर भरभरून लिहिलं.

दरबारात आणि मोजक्या मैफलीत अडकलेली रागदारी या नाटकांमुळे गावोगाव गेली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात नाटक बघणाऱ्या माणसाला रागाचं नाव माहीत नसे, पण ती जागा तो गुणगुणत घरी जाई. मग तीच पदं पेटीवर आली, सनईवर आली, बँडच्या क्लॅरिनेटवर आली. वाजवणाऱ्याला अल्लादिया खाँ हे नाव ठाऊक असो वा नसो.

दोन शिष्या, एकच शिस्त

खाँसाहेबांच्या शिष्यपरिवारात गोव्यातून आलेल्या दोन स्त्रियांचं नाव सगळ्यात मोठं झालं.

पहिल्या केसरबाई केरकर. जन्म १८९२, गाव केरी. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा अशा मोठमोठ्या लोकांकडे त्या थोडं थोडं शिकल्या होत्या, पण शिक्षण सारखं तुटत होतं. १९२१ मध्ये त्या खाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. तिशीच्या उंबरठ्यावर, लोकांसमोर गाऊन झालेलं असताना, त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. ही तालीम थेट गुरूच्या अखेरीपर्यंत चालली.

दुसऱ्या मोगूबाई कुर्डीकर. जन्म १९०४, गाव कुर्डी. हे गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं. आई लवकर गेली, नाटक कंपनीतलं काम सुटलं, तब्येत बिघडली आणि त्या सांगलीत येऊन राहिल्या. खाँसाहेबही तेव्हा औषधोपचारासाठी सांगलीत होते. सांगितलं जातं की येता-जाता त्यांच्या कानावर या मुलीचा रियाज पडला, ते ऐकत थांबले आणि आपण होऊन शिकवू लागले. हा म्हातारा कोण आहे, हे मोगूबाईंना आधी ठाऊकही नव्हतं.

मोगूबाईंचं शिकणं सरळ झालं नाही. खाँसाहेब मुंबईला गेले, तालीम तुटली. मध्ये त्या खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या आणि पुढे पुन्हा खाँसाहेबांकडे आल्या. तालावरची त्यांची पकड हा जाणकारांच्या कौतुकाचा विषय राहिला. त्यांच्या कन्या म्हणजे गानसरस्वती किशोरी आमोणकर.

दोघींचा आवाज वेगळा, स्वभाव वेगळा. पण दोघींच्या तानेत एक गोष्ट समान. कितीही जलद तान असली तरी तिच्यातला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. तो घसरत नाही, गिळला जात नाही. जोराने हे साधत नाही. प्रत्येक तुकडा संथ लयीत शेकडो वेळा घोटलेला असला तरच साधतं.

क्लॅरिनेटवाल्याने यातून काय घ्यायचं?

क्लॅरिनेटची अडचण गळ्यापेक्षा वेगळी आहे, पण उपाय तोच लागू पडतो. या वाद्यात खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जाताना एक अवघड सांधा येतो. खालच्या पट्टीचे शेवटचे स्वर वाजतात तेव्हा जवळपास सगळी भोकं उघडी असतात. पुढच्याच स्वराला बहुतेक सगळी बोटं एकदम खाली यावी लागतात. एक बोट जरी मागे राहिलं तरी किंचाळी निघते. जलद तान नेमकी इथे कोसळते.

अशा वेळी अख्खी तान शंभरदा वाजवली तर चूकही शंभरदा घोटली जाते. बोटांना बरोबर आणि चूक यातला फरक कळत नाही. जे जास्त वेळा केलं ते बोटं लक्षात ठेवतात. म्हणून अडलेल्या जागेचे दोनच स्वर घ्यायचे. संथ लयीत, हाताने मात्रा मोजून. ते सुटले की आधीचा एक आणि नंतरचा एक जोडायचा. चारांचा तुकडा बिनचूक आला की लय किंचित वाढवायची. चूक झाली की लय पुन्हा खाली. ओठ दुखायला लागले की वाद्य बाजूला ठेवून तोच तुकडा तोंडाने म्हणायचा, कारण स्वर आधी डोक्यात बसावा लागतो.

ही गोष्ट जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या वादकालाही चुकली नाही. अमेरिकेचे बेनी गुडमन यांना जॅझमध्ये क्लॅरिनेटचा बादशहा मानत. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी गाजवलेली मैफल आजही ऐकली जाते. पण अभिजात पाश्चात्त्य संगीत मनासारखं वाजवायचं म्हणून हा माणूस वयाच्या चाळिशीत रेजिनाल्ड केल या वादकाकडे शिकायला गेला. तोटी ओठात धरण्याची पद्धत बदलली, बोटांची ठेवण बदलली. कीर्ती, पैसा, सगळं असताना नवशिक्यासारखं बसला. गळा बिघडल्यावर गाणं नव्याने बांधणाऱ्या अल्लादिया खाँशी त्याची जातकुळी जुळते.

अखेरची वर्षं

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्याच्या महिनाभर आधी, ८ एप्रिलला, भास्करबुवाही गेले होते. आश्रयदाता आणि थोर शिष्य दोघेही एकाच उन्हाळ्यात हरपले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईला आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

त्यांचे दोन मुलगे, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ, गायकीचे वारस होते. मंजी खाँ यांनी नाव कमावलं, पण १९३७ मध्ये ते ऐन भरात गेले. ऐंशी ओलांडलेल्या बापाला मुलाचा मृत्यू बघावा लागला. मंजी खाँकडे शिकत असलेले तरुण मल्लिकार्जुन मन्सूर पोरके झाले, तेव्हा त्यांना भूर्जी खाँ यांनी पुढे शिकवलं. अशा रीतीने धागा तुटता तुटता राहिला.

म्हातारपणी खाँसाहेबांनी आपल्या आठवणी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगून लिहून घेतल्या. त्या पुढे इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत वयाच्या नव्वदीत त्यांचं निधन झालं. कोल्हापुरात त्यांचा पुतळा उभा आहे.

त्यांच्या हयातीत ग्रामोफोन देशभर पसरला होता. त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या निघाल्या. खुद्द अल्लादिया खाँ यांचं गाणं मात्र कुठल्याही तबकडीवर नाही. ज्या आवाजासाठी त्यांनी एवढं सोसलं, तो आज कोणालाच ऐकता येत नाही.

ऐकता येते ती त्यांची शिकवण. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर ही दोन यानं अवकाशात सोडली. पृथ्वीवरचं संगीत भरलेली एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी दोन्हींवर बसवली होती. त्यात भारताची म्हणून एकच रचना आहे. केसरबाईंनी गायलेली भैरवी. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि ११ दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या.

त्या तबकडीवर अल्लादिया खाँ यांचं नाव गाणारी म्हणून नाही, गुरू म्हणूनही नाही. पण साडेतीन मिनिटांच्या त्या भैरवीत एकही स्वर घसरलेला नाही. तो न घसरण्यामागे २५ वर्षांची तालीम आहे, आणि त्या तालमीमागे कधीकाळी गाऊन गाऊन बसलेला एक गळा.